पंचमीच्या अलीकडे

पैठणला सातवाहन राजाच्या दरबारात एकदा तिथीवरून पेच पडला. जैन आचार्यांच्या जुन्या चूर्णी-टीकांमध्ये ही कथा येते. कालकाचार्य पावसाळ्याच्या मुक्कामाला प्रतिष्ठान नगरीत, म्हणजे पैठणलाच, आले होते. राजा त्यांना मानणारा. आचार्यांनी सांगितलं, भाद्रपद शुद्ध पंचमीला पर्युषणाचा मुख्य दिवस. राजा अडचणीत आला, कारण त्याच पंचमीला नगरात इंद्राचा उत्सव भरायचा आणि राजाला प्रजेबरोबर तिथे उभं राहणं भाग होतं. त्याने विनंती केली, एक दिवस पुढे घ्या, षष्ठीला करू. आचार्य म्हणाले, पंचमीची रात्र ओलांडता येणार नाही. राजाने विचारलं, मग चतुर्थीला? आचार्य म्हणाले, चालेल.

श्वेतांबर मूर्तिपूजक जैन आजही चतुर्थीला, म्हणजे महाराष्ट्रात घरोघर गणपती बसतो त्याच दिवशी, संवत्सरी करतात. संवत्सरी म्हणजे पर्युषणाचा हाच मुख्य दिवस, क्षमा मागण्याचा. आणि त्याचं मूळ या पैठणच्या संवादात सांगितलं जातं. आम्ही स्थानकवासी पंचमीलाच करतो. या एका दिवसावरून दोन्हीकडच्या साधूंनी शतकानुशतकं वाद घातले, पोथ्या लिहिल्या. मला त्या वादात रस नाही. मी शाळेत इतिहास शिकवला आणि माझं माहेर कोल्हारच्या पेठेतलं, मारवाडी ओसवालाचं दुकान. मला या कथेतला एवढाच भाग महत्त्वाचा वाटतो की क्षमा मागण्याचा दिवस पुढे ढकलायला आचार्यांनी राजालाही नकार दिला आणि अलीकडे आणायला तिथल्या तिथे होकार दिला. क्षमेला उशीर चालत नाही, घाई चालते. माणसाच्या मनाबद्दल इतकी नेमकी गोष्ट पंचांगाच्या भाषेत कुणी सांगितलेली मला तरी दुसरी माहीत नाही.

कोल्हार प्रवरेच्या काठावर. नगर-मनमाड रस्ता इथे नदी ओलांडतो. अलीकडे कोल्हार खुर्द, पलीकडे कोल्हार बुद्रुक आणि त्याला लागून भगवतीपूर. बाहेरच्यांना गाव ठाऊक असतं ते भगवतीदेवीच्या मंदिरामुळे आणि पौष पौर्णिमेच्या यात्रेमुळे, नाहीतर शिर्डीला जाताना एस.टी. थांबते म्हणून. पेठेत मारवाड्यांची दुकानं, मागे घरं, आणि चार पावलांवर स्थानक. स्थानकात मूर्ती नसते. नुसती स्वच्छ खोली, पाट, आणि चातुर्मासाला साधू-साध्वी आल्या तर त्यांचं व्याख्यान. पर्युषणाचे आठ दिवस तिथे अंतगड सूत्र वाचलं जायचं. आजोबांना आम्ही बासा म्हणायचो. ते तोंडाला मुहपत्ती बांधून, पांढऱ्या कपड्यांत सामायिक व्रत घेऊन बसायचे. दुकानात दिवसभर ज्यांचा आवाज घुमायचा ते बासा तिथे गप्प बसलेले पाहून लहानपणी मला फार नवल वाटे.

आठव्या दिवशी संध्याकाळी संवत्सरीचं प्रतिक्रमण, म्हणजे वर्षभराच्या दोषांचा पश्चात्ताप. त्यात 40 लोगस्सचा कायोत्सर्ग असतो, म्हणजे देह स्थिर ठेवून तो स्तुतिपाठ मनात 40 वेळा म्हणायचा. आम्हा मुलांचे पाय मुंग्यांनी भरून यायचे. शेवटी चौऱ्यांशी लाख जीवयोनींची क्षमा मागायची, आणि ते झालं की उठून एकमेकांकडे वळायचं, हात जोडायचे: खमतखामणा, मिच्छामि दुक्कडम्. धाकट्याने थोरल्याची मागायची आणि थोरल्यानेही धाकट्याची. सासूने सुनेपुढे हात जोडायचे. माझ्यापुढे बासांनी हात जोडले की मला लाज वाटून मी बाईच्या पदराआड जायची. (आईला आम्ही बाई म्हणत असू.)

संवत्सरीच का, आणि वर्षातून एकदाच का, याचं उत्तर कर्मग्रंथांत आहे. जैनांनी क्रोधाच्या चार पायऱ्या लावल्या आहेत आणि त्या तीव्रतेबरोबर मुदतीनेही मोजल्या आहेत. पहिला राग पाण्यावरच्या रेघेसारखा, फार तर पंधरवडा टिकणारा. दुसरा वाळूतल्या रेघेसारखा, चार महिन्यांचा. तिसरा उन्हाने भेगाळलेल्या जमिनीसारखा. पाऊस आला की भरून येणारा, एका वर्षाचा. चौथा कातळाला गेलेल्या भेगेसारखा. तो जन्मभर राहतो आणि पुढच्या जन्मांतही मागे लागतो, म्हणून त्याचं नाव अनंतानुबंधी. राग पंधरवड्यापलीकडे टिकला तर साधूच्या चारित्र्याला बाधा, चार महिन्यांपलीकडे गेला तर श्रावकाची व्रतं गेली, वर्ष ओलांडलं तर सम्यक्त्व गेलं, म्हणजे माणूस जैनच उरला नाही. म्हणून पक्खी प्रतिक्रमण पंधरा दिवसांनी, चौमासी चार महिन्यांनी आणि संवत्सरी वर्षाने. रागाच्या एकेका मुदतीच्या शेवटाला एकेक दार बसवलेलं आहे.

पत्रांचीही मोठी परंपरा होती. दूरच्या आचार्यांना सगळा संघ मिळून विज्ञप्तिपत्र पाठवी. ते कागदाच्या लांब गुंडाळीवर चित्रं काढून, गावाचं वर्णन करून लिहिलेलं असे. त्यात वर्षभराच्या अपराधांची क्षमा आणि पुढच्या चातुर्मासाचं निमंत्रण. 1610 मध्ये आग्र्याच्या संघाने विजयसेनसूरींना पाठवलेलं पत्र तर शालिवाहन नावाच्या चित्रकाराने रंगवलं होतं, आणि पर्युषणात प्राणिहत्या बंद ठेवण्याच्या जहांगीरच्या फर्मानाचा प्रसंग त्यात चितारला होता. कोल्हारच्या दुकानापर्यंत या परंपरेचं पोस्टकार्ड झालं होतं. पारण्याच्या दुसऱ्या दिवशी गल्ल्याशेजारी कार्डांचा गठ्ठा, टाक आणि दौत. पाथर्डी, घोडनदी, बेलापूर, पुणे, थेट मारवाडातली गावं. मजकूर एकच. जाणता-अजाणता मन, वचन, कायेने काही दुखावलं असल्यास क्षमा असावी.

त्या गठ्ठ्यातलं एक कार्ड मात्र लिहिलं जात नसे, कारण ज्यांना लिहायचं ते समोरच राहत. बासांचे थोरले भाऊ, आमचे थोरले बाबा. दुकानाची वाटणी झाली तेव्हा मागचं कोठार कुणाकडे जावं यावरून दोघांत बिनसलं आणि बोलणं बंद झालं. माझ्या जन्माआधीची गोष्ट. तरी दर संवत्सरीला बासा गल्ली ओलांडून त्यांच्या ओट्यावर जात, हात जोडत, ते उठून हात जोडत, दोघंही ते शब्द म्हणत, आणि बासा परत येत. पुढे वर्षभर अबोला. बाई चिडून म्हणायची, हे कसलं खमवणं? मनात काही नाही, नुसती तोंडाची वाफ.

पुष्कळ वर्षं मलाही तसंच वाटे. मग निवृत्तीनंतर क्षमेच्या मानसशास्त्रावरचं वाचताना एव्हरेट वर्थिंग्टन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं लिखाण हाती आलं. हा मनुष्य क्षमेवर अभ्यास करत असतानाच, 1996 च्या नववर्षाच्या रात्री, घरात शिरलेल्या चोराने त्याच्या आईचा खून केला. विद्वत्तेची अशी परीक्षा कुणावर येऊ नये. त्याने क्षमेचे दोन भाग केले. एक निर्णयाची क्षमा: मी या माणसाचं वाईट करणार नाही, त्याच्याशी माणसासारखं वागेन, असं ठरवणं. दुसरी भावनेची क्षमा: मनातला कडवटपणा ओसरून तिथे दुसरं काही येणं. पहिली एका क्षणात होते. दुसरीला वर्षं लागतात आणि ती हुकमाने येत नाही. पहिली झाली तरी दुसरी येईलच असं नाही.

हे वाचलं आणि बासांचं ते गल्ली ओलांडणं मला वेगळं दिसू लागलं. ते भावना घेऊन जात नव्हते, निर्णय घेऊन जात होते. दर वर्षी नवा, कारण मागच्या वर्षीचा पुरत नसे. त्या अबोल्याच्या सबंध काळात त्यांनी भावाविरुद्ध कोर्टात पाऊल टाकलं नाही, त्यांच्या गिऱ्हाइकाला फोडलं नाही, पुतणीच्या लग्नात उभे राहिले. कोठाराचं दुःख मात्र गेलं नाही. मानसशास्त्रज्ञ शार्लट विटव्हलिएट आणि तिच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. ज्याने आपल्याला दुखावलं त्याच्यावरचा राग मनात घोळवायला सांगितला की लोकांच्या हृदयाचे ठोके वाढत, रक्तदाब चढे, घाम वाढे, कपाळाचे स्नायू आखडत. त्याच माणसाला क्षमा करण्याची कल्पना करायला सांगितली की हे सारं उतरत असे. थोरल्या बाबांच्या ओट्याच्या पायऱ्या चढताना बासांच्या छातीत काय होत असेल ते मला आता कळतं. तरी ते चढत.

इथपर्यंतचा इतिहास मी अभिमानाने सांगते. पुढचाही सांगितला पाहिजे, कारण आमच्या दुकानात दोन वह्या होत्या. एक मनातली, जी संवत्सरीला कोरी व्हायची. दुसरी लाल कापडाच्या बांधणीची, जिच्यात पाडव्याला पूजा करून, मागील पानावरून पुढे, बाकी ओढली जायची.

इंग्रजी अमलात नगर आणि पुणे जिल्ह्यांत शेतसारा रोख भरायचा झाला. पीक हाती नसलं तरी सरकारचा हप्ता थांबत नसे, म्हणून कुणबी सावकाराच्या दारात. सावकारांत मारवाडी आणि गुजराती पुष्कळ, आणि मारवाड्यांत आमचे ओसवालही बरेच. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, 1861 ते 1865, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, सावकारांनी हात सैल सोडून कर्जं दिली. युद्ध संपलं, भाव कोसळले, आणि त्याच सुमारास साऱ्याची फेरआकारणी होऊन सारा वाढला. सावकारांनी हात आखडले आणि जुनी येणी मागायला सुरुवात केली.

1859 मध्ये मुदतीचा कायदा आला होता. कर्जाचं खत तीन वर्षांपुरतंच चालेल, पुढे त्यावर दावा नाही. हेतू चांगला होता, व्याज अनंतकाळ साचू नये. सावकारांनी तो उलटा फिरवला. तीन वर्षं भरत आली की कुणब्याला बोलावून नवं खत करून घ्यायचं, आणि त्यात थकलेलं व्याज मुद्दल म्हणून लिहायचं. आपल्याकडे दामदुप्पटीचा जुना दंडक होता, व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ द्यायचं नाही. नव्या खताने दर वेळी मुद्दलच मोठं होई, मग दंडक कुठे लागणार? पुढे सरकारी चौकशीत एक प्रकरण आलं त्यात 100 रुपयांच्या कर्जावर 2000 हून अधिक व्याज लावलेलं निघालं. खतावर काय लिहिलंय हे कुणब्याला वाचता येत नव्हतं. अंगठा मात्र त्याचा.

शिरूर तालुक्यातल्या करडे गावात 1874 च्या डिसेंबरात काळूराम नावाच्या सावकाराने दीडशे रुपयांसाठी बाबासाहेब देशमुखांच्या घरावर हुकूमनामा आणला. गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. दुकानातून माल घ्यायचा नाही, न्हाव्याने हजामत करायची नाही, परटाने कपडे धुवायचे नाहीत. 12 मे 1875 ला भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात जमाव सावकारांच्या घरांवर चालून गेला. तिथून नगर जिल्ह्यात वणवा पसरला: पारनेर, श्रीगोंदा, नगर, कर्जत. प्रवरेचा आमचा भाग त्यातून बाहेर राहिला. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात, पण जमावाला माणसं मारायची नव्हती, खतं जाळायची होती. ज्या सावकाराने कागद निमूटपणे काढून दिले त्याला बहुतेक ठिकाणी कुणी हात लावला नाही; नकार दिला तिथेच मारहाण आणि जाळपोळ झाली.

त्या वर्षीची संवत्सरी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आली. मेच्या मध्यापासून मोजलं तर चार महिनेही झाले नव्हते. शास्त्राच्या हिशेबाने राग अजून वाळूतल्या रेघेचा.

प्रतिक्रमणात श्रावक नुसती सरसकट क्षमा मागत नाही. बारा व्रतांचे अतिचार, म्हणजे त्या त्या व्रताला लागणारे डाग, तो एकेक करून उच्चारतो आणि त्यांचा पश्चात्ताप करतो. सत्याच्या व्रताच्या अतिचारांत एक आहे कूटलेख: खोटा लेख लिहिणं, दस्तऐवजात फेरफार करणं. अचौर्याच्या अतिचारांत आहे कूडतोल-कूडमाप: खोटं वजन, खोटं माप. दोन हजार वर्षांपूर्वी हे नियम घालणाऱ्यांना व्यापारी माणसाचा हात कुठे घसरतो ते पक्कं ठाऊक होतं. नगर जिल्ह्यातल्या प्रत्येक स्थानकात दर संवत्सरीला हे शब्द म्हटले जात. तेच शब्द म्हणून घरी आलेले कित्येक लोक पाडव्याला बाकी पुढे ओढत. ते ढोंगी होते असं मी म्हणणार नाही. माझेच पूर्वज आहेत, आणि त्यांच्या उपासांवर, त्यांच्या दानावर माझा विश्वास आहे. पण जाणता-अजाणता या दोन शब्दांत फार मोठी जागा असते. तिच्यात माणूस आपलं एक विशिष्ट खत, एका विशिष्ट कुणब्याचा एक विशिष्ट अंगठा सहज लपवू शकतो. चौऱ्यांशी लाख जीवांची क्षमा मागून होते आणि नदीपलीकडच्या एकाची राहून जाते.

खरं तर शास्त्राने ही पळवाट ठेवलेली नाही. प्रायश्चित्ताचे दहा प्रकार सांगितले आहेत. त्यांत पहिला आलोचना आणि प्रतिक्रमण त्याच्या नंतर. आलोचना म्हणजे गुरूसमोर बसून दोष नाव घेऊन सांगणं: कुणाचं, कधी, काय, किती. आधी तपशील, मग पश्चात्ताप. आम्ही दुसरी पायरी धरून ठेवली आणि पहिली साधूंसाठी सोडून दिली.

गंमत अशी नव्हे, पण विचार करण्यासारखं असं की हा तपशील मागण्याचं काम शेवटी सरकारच्या कायद्याने केलं. दंग्यांच्या चौकशी आयोगाच्या अहवालानंतर 1879 मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला, पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. न्यायाधीशाने समोर आलेल्या खतावर विसंबायचं नाही. व्यवहार पहिल्यांदा सुरू झाला तिथपर्यंत मागे जायचं, मुद्दल वेगळं, व्याज वेगळं मांडायचं, व्याज मुद्दलात मिळवू द्यायचं नाही. कर्जापायी शेतकऱ्याला कैद नाही. आणि दावा लावण्याआधी दोन्ही पक्षांनी सरकारने नेमलेल्या कन्सिलिएटरपुढे यायचं, समेट होतो का पाहायचं. न्यायमूर्ती रानडे याच कायद्याखाली स्पेशल जज म्हणून या जिल्ह्यांत फिरले. कायद्यातही पळवाटा निघाल्या, जमीन गहाण टाकण्याऐवजी विक्रीचा देखावा होऊ लागला. तरी वही मागच्या पानांपर्यंत उघडण्याची सक्ती प्रथमच झाली होती.

पुढे प्रवरेवर भंडारदऱ्याचं धरण आणि कालवे आले, ऊस आला, आणि आमच्या शेजारच्या लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना जमवून सहकारी साखर कारखाना काढला. धनंजयराव गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष. 1950 च्या अखेरीस गाळप सुरू झालं. सावकाराच्या ओट्यावर जाण्याची गरजच कमी झाली. पण गरज संपली म्हणजे मनातली बाकी फिटली असं होत नाही.

याच प्रवरेच्या काठी, खाली नेवाशाला, शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली. आईवडिलांनी प्रायश्चित्त म्हणून देह टाकलेला, स्वतः भावंडांना शुद्धिपत्रासाठी त्याच पैठणला जावं लागलेलं. एवढं सोसून ग्रंथाच्या शेवटी त्यांनी जे मागणं मागितलं त्यात दुष्टांना शिक्षा नाही, त्यांच्यातलं दुष्टपण जावं एवढंच आहे. आमच्या गिऱ्हाइकांची घरं बहुतेक वारकरी. दिंडीत दोघं भेटले की दोघंही वाकून एकमेकांच्या पाया पडतात. थोरला-धाकटा कोण हे पाहत नाहीत. आमचं खमतखामणा आणि त्यांचं हे वाकणं शेजारी शेजारी चालायचं. पण ज्ञानेश्वरांसारखं न मागता देणं हे विरळाच. आपण अपराध केला असेल तर समोरच्याने ज्ञानेश्वर व्हावं अशी अपेक्षा धरण्याचा आपल्याला अधिकार नाही. अपराध्यासाठी आमच्या पोथीत दुसरा माणूस आहे.

अंतगड सूत्रातला अर्जुनमाळी. राजगृहीचा फुलं विकणारा. त्याच्या बायकोवर गुंडांनी अत्याचार केला, आणि संतापाने पेटलेल्या त्याच्या अंगात यक्ष शिरला. तो रोज सहा पुरुष आणि एक स्त्री अशी सात माणसं मारू लागला. सुदर्शन श्रावकापुढे तो यक्ष निघून गेला, अर्जुन भानावर आला, त्याने भगवान महावीरांकडे दीक्षा घेतली. आणि मग तो कुठे दूर रानात गेला नाही. त्याच राजगृहीत भिक्षेला गेला. ज्यांचे बाप, ज्यांच्या आया, ज्यांची मुलं त्याने मारली होती, तेच लोक दारादारात. कुणी शिव्या दिल्या, कुणी मारलं, कुणी जेवण दिलं तर पाणी दिलं नाही. प्रत्येकाने आपल्या मेलेल्याचं नाव घेऊन त्याला सुनावलं. तो ऐकत राहिला. सहा महिने. त्यात त्याची मुक्ती झाली असं सूत्र सांगतं. तो कुणाला क्षमा करा म्हणाला नाही. लोकांना जे बोलायचं होतं त्यासाठी तो उपलब्ध राहिला. स्थानकात दर वर्षी ही कथा आली की बासा मान खाली घालून ऐकत.

मी प्राथमिक शाळेत असताना, एका पर्युषणात, संवत्सरीच्या दोन दिवस आधी, बासांनी माळ्यावरून त्यांच्या वडिलांच्या काळची चोपडी काढायला लावली. दुष्काळाच्या साली नदीपलीकडच्या एका घराने चांदीचे तोडे गहाण टाकले होते. तराजू धरायला तेव्हा पोरवयातले बासाच बसले होते. वहीत तोळे कमी लिहिले गेले, आणि ते त्यांनी पाहिलं होतं. तोडे पुढे बुडाले. बासांनी कमी लिहिलेल्या चांदीची किंमत धरली, दामदुप्पट लावली, आणि पैसे घेऊन नदी ओलांडून गेले. त्या घरातल्या मुलाला, म्हणजे तेव्हाच्या कर्त्या पन्नाशीच्या माणसाला, त्यांनी वहीतलं पान वाचून दाखवलं: एवढं होतं, एवढं लिहिलं, मी तिथे होतो. त्याने चहा दिला, पैसे मोजून घेतले. क्षमा केली म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

पंचमीच्या आदल्या दिवशी त्याची म्हातारी आई दुकानावर आली. मी गल्ल्याजवळ पाटी घेऊन बसले होते. बासा उठून म्हणाले, "बाई, वर या, बसा."

ती बसली नाही. "तोड्याचं पैसं पोरानं घेतलं. घेतलं ते बरं केलं," ती म्हणाली. "पर शेटजी, तोड्याचं मला काय नव्हतं. तुमच्या बापानं माझ्या मालकाला हितं, या ओट्याखाली, वैशाखाच्या उन्हात हुबं केलं व्हतं. सकाळधरनं तिसऱ्या पारापतुर. पाणी मागितलं तर म्हनं, आधी व्याज. गाव बघत व्हतं. त्ये तुमच्या वहीत हाये का?"

"नाही," बासा म्हणाले.

"मग लिवा."

बासांनी खरोखरच टाक उचलला. ती सांगत गेली. कोणता बाजाराचा दिवस होता, कोण कोण बघत होतं, कोण हसलं, घरी आल्यावर मालक किती दिवस कुणाशी बोलला नाही, पुढच्या पौष पौर्णिमेला देवीच्या यात्रेलाही कसा गेला नाही. बासा ओट्यावरून खाली उतरले होते आणि उभ्यानेच, चोपडी हातावर धरून, लिहीत होते. दुकानात गिऱ्हाइकं थांबली होती. थोरले बाबा समोरच्या दारात येऊन उभे राहिले. सगळं लिहून झाल्यावर तिने विचारलं, "काय काय लिवलं, वाचा." बासांनी वाचून दाखवलं. एके ठिकाणी तिने नाव दुरुस्त करून घेतलं.

मग पदराची गाठ सोडून तिने साखरेचा भाव विचारला.